वाघ्या कुठे उभा होता : शीळफाट्यापलीकडच्या एका वाड्यावरचं प्रकरण

"ताई, तुम्ही फक्त त्या धनगरांच्या कुत्र्याला समजावून सांगा, की आमचा ब्रूनो त्याचा वैरी नाही. बाकी सगळं छान चाललंय."

संक्रांतीच्या दोन दिवस आधी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून मला हा फोन आला. बाई ओळखीच्या होत्या. तीनच आठवड्यांपूर्वी ब्रूनोच्या फोटोसमोर बसून मी त्याच्याशी संवाद केला होता आणि तो नव्या जागी सुखात आहे, असं त्यांना कळवलं होतं. माझं ते सांगणं चुकीचं होतं. ते कसं चुकलं, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्यानंतर मी माझ्या कामात काय बदललं, ते इथे लिहून ठेवते आहे. माणसांची नावं वगळली आहेत. कुत्र्यांची तेवढी ठेवली आहेत.

प्राण्यांशी मनाने संवाद साधण्याचं काम मी ठाण्यात नऊ वर्षं करते आहे. अमेरिकेत पेनेलोपी स्मिथ यांनी १९७०च्या दशकापासून ही पद्धत शिकवली आणि तिच्याच वळणाच्या एका वर्गात मी शिकले. डोळे स्पष्ट दिसतील असा प्राण्याचा फोटो, त्याचं नाव आणि वय घ्यायचं, शांत बसायचं, मनातल्या मनात त्याची परवानगी मागायची आणि जे चित्र, जी भावना, अंगात जी संवेदना येईल ती गाळणी न लावता लिहून काढायची. बहुतेक लोक माझ्याकडे घरातली मांजर किंवा कुत्रा घेऊन येतात. काम करणारा प्राणी, म्हणजे ज्याच्या वागण्यावर कुणाचं पोट अवलंबून आहे असा प्राणी, माझ्याकडे त्याआधी कधी आला नव्हता.

ब्रूनो वाड्यावर कसा पोचला

ब्रूनो चार वर्षांचा बॉर्डर कोली, म्हणजे मेंढरं वळण्यासाठी जोपासलेल्या जातीचा कुत्रा, काळा-पांढरा. चौदाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला. सोसायटीच्या बागेत खेळणाऱ्या मुलांभोवती तो गोल फेऱ्या मारायचा, पळणाऱ्या पोराच्या टाचेला दात लावायचा. रक्त कधी निघालं नाही, पण पोरं रडत घरी जायची. दोन लेखी तक्रारी झाल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला हे कुटुंब गाडीने कर्जतला निघालं होतं. शीळफाटा ओलांडून पनवेलच्या दिशेला लागल्यावर दहिसर-मोरीच्या आसपास रस्त्याकडेला मेंढरांचा कळप दिसला. ब्रूनो खिडकीशी ताठ झाला आणि कळप मागे पडेपर्यंत त्याने मान हलवली नाही. बाईंच्या शब्दांत, "त्याला त्याचं जन्माचं काम दिसलं." पुढच्या रविवारी त्यांनी तो वाडा शोधून काढला आणि ब्रूनोला तिथे सोडून आल्या. सोबत खाण्याच्या दोन पिशव्या, त्याचं पांघरूण आणि आवडता चेंडू दिला. धनगरमामांनी कुत्रा ठेवून का घेतला, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "बाईच्या डोळ्यांत पानी हुतं. न्हाई कसं म्हनायचं?"

वाडा म्हणजे धनगरांचा फिरता मुक्काम. हा वाडा फलटणच्या बाजूचा. दिवाळीनंतर घाट उतरून ते कोकणात येतात आणि भातकापणी झालेल्या शेतांत मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे वाड्याला. मृगाच्या आत परत वर जावंच लागतं, कारण दख्खनी मेंढी कोरड्या मुलखातली, तिला इथला पाऊस सोसत नाही. हा मुक्काम होता चौदा गावांच्या पट्ट्यात. ठाणे तालुक्यातली ही गावं नवी मुंबई महापालिकेत गेली, बाहेर पडली, पुन्हा आत आली. दरम्यान कितीतरी शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली. पूर्वेला मलंगगडाची रांग दिसते आणि पश्चिमेला रात्रभर न्हावा-शेवाच्या कंटेनरांची रांग.

दोन कुटुंबं, सव्वादोनशेच्या आसपास मेंढरं, चार घोडी आणि तीन कुत्री. त्यातला थोरला वाघ्या. नाव अगदी नेहमीचं, पण धनगरांच्या तोंडी त्याला वजन असतं. खंडोबाच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो, खंडोबाचे वाघे स्वतःला देवाची कुत्री मानतात. वाड्यावरच्या आजी वाघ्याला पहिली भाकरी टाकतात ती उरलेली नसते, त्याच्या वाट्याची असते.

मी काय लिहून दिलं

ब्रूनोला वाड्यावर जाऊन दोन आठवडे झाल्यावर बाईंनी मला फोटो पाठवले, एक छोटा व्हिडिओही पाठवला आणि विचारलं, तो खूश आहे का? त्या दिवशी माझ्या वहीत नऊ वाक्यं उतरली. ती जशीच्या तशी देते.

"मोकळं वाटतंय. मला माझं काम मिळालं. पायाखाली टोचणारं काहीतरी आहे, कापलेल्या पिकासारखं. मेंढ्या मला आवडतात. मेंढ्या मला घाबरत नाहीत. एक म्हातारी बाई मला मायेने खायला घालते. इथल्या एका कुत्र्याचा कान फाटलेला आहे. घरची आठवण येते पण मी दुःखी नाही. डावा मागचा पाय थोडा दुखतो."

फाटक्या कानाचं वाक्य वाचून बाई फोनवर रडल्या. वाघ्याचा डावा कान खरोखर चिरलेला होता आणि त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं. माझाही ऊर भरून आला. त्या एका वाक्याच्या आधारावर त्यांनी उरलेली आठ खरी मानली, आणि मीही.

११ जानेवारीच्या रात्री वाघ्याने ब्रूनोचा खांदा फोडला. मग तो फोन आला.

घरात बसून वाघ्याच्या फोटोशी बोलावं, अशी बाईंची अपेक्षा होती. मी नकार दिला. तेव्हा माझी शंका माझ्या पद्धतीवर नव्हती, हे सांगायला हवं. मला फक्त वाटलं की ज्याला कुणी समजावायला निघालं आहे त्याची परवानगी त्याच्या दारात जाऊन मागावी. संक्रांतीच्या दुपारी तिळगुळाचा डबा घेऊन मी वाड्यावर गेले आणि दोन रात्री राहिले.

दोन रात्री

मामांनी आधी नुकसान सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. पाऊसपाणी सांगावं तसं. दोन मेंढ्या गाभडल्या होत्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला होता. चार कोकरं रात्री कळपाखाली चेंगरून मेली होती. वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, तीनदा पडली होती. "ह्या वर्साला मेंढरं बसतच न्हाईत. रातभर हुबी." मेंढरू निवांत रवंथ करत बसलं नाही तर अंगावर धरत नाही, दूध आटतं. लेंड्यासुद्धा सगळ्या एका कोपऱ्यात पडतात आणि शेतकरी म्हणतो, माझं शेत कुठे बसलं?

"आणि तुम्हाला काय वाटतं, कशामुळे?"

"त्यो कुत्रा वाईट न्हाई," मामा म्हणाले. "पन त्येला मेंढरू कळत न्हाई. त्यो नुसता बगत ऱ्हातो."

हे "नुसता बघत राहतो" मला तेव्हा समजलं नाही.

संध्याकाळी मी माझ्या सवयीप्रमाणे वीस मिनिटं डोळे मिटून वाघ्याजवळ बसायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. कळप आत घ्यायची घाई होती. आजींनी दोन दिवसांची दोन कोकरं माझ्या मांडीवर ठेवली, "ह्यांना धरा जरा," म्हणाल्या आणि वाघरीची मेख ठोकायला गेल्या. कोकरं सतत सुटायला बघत होती. डोळे मिटणं शक्यच नव्हतं, म्हणून मी उघड्या डोळ्यांनी पाहत राहिले. तासाभरात जे दिसलं ते असं.

मामा कळपापुढे चालत आले. जिभेने एक ठरावीक आवाज काढत होते आणि मेंढरं त्या आवाजामागे येत होती. मागून त्यांची सून आणि नातू, हातात काठी, पण उगारलेली नाही. कळपाला कुणी हाकत नव्हतं, कळप माणसामागे येत होता. मग डावीकडून ब्रूनो आला. जखमेला हळद लावलेली. तो धावला नाही की भुंकला नाही. पोट जमिनीला टेकेल इतका वाकला, मान खांद्यांच्या रेषेत आणली आणि डोळे एका मेंढीवर रोखून थांबला. ती मेंढी थबकली. तिच्यामागची वळली. पन्नास पावलांवर सगळ्या कळपाला कड आल्यासारखं झालं आणि तो एका बाजूला दाटला.

तेव्हाच वाघ्या उठला. चुलीपासून सरळ चालत आला आणि ब्रूनो व मेंढरांच्या मधोमध आडवा उभा राहिला. अंगाची बाजू ब्रूनोकडे, शेपूट वर, तोंड बंद. ब्रूनो डावीकडे सरकला की हाही सरके. गुरगुरणं फार उशिरा आलं आणि तेही हलकं. ब्रूनोने नजर काढली तशी वाघ्याने शेपूट खाली घेतली आणि मेंढरांकडे पाठ करून बसला. तोंड बाहेर, अंधाराकडे.

रात्री हे पाच वेळा झालं. मी वेळ लिहून ठेवत होते. पाचही वेळा आधी ब्रूनोचं वाकणं, मग कळपाचं दाटणं, मग वाघ्याचं मध्ये येणं. एकदाही वाघ्या विनाकारण ब्रूनोवर गेला नाही. दिवसा दोघं एकाच घोड्याच्या सावलीत दहा हातांवर झोपले होते. पहाटे तीनच्या सुमाराला रस्त्यावरून एक टेम्पो दिवे मालवून बांधाशी थांबला; मेंढरं चोरणारे असेच येतात, असं मामांनी संध्याकाळीच सांगितलं होतं. वाघ्या आणि दोन्ही धाकटी कुत्री तिकडे धावली. तेवढ्यात मागे ब्रूनो वाघरीच्या कडेने फिरायला लागला, जाळी एका अंगाला कलली आणि आजी ओरडत उठल्या. टेम्पो निघून गेला. वाघ्या परत आला तो थेट ब्रूनोवर. मामांनी काठी मध्ये घातली म्हणून निभावलं.

त्या रात्री मला समजलं की वाघ्याला दोन दिशांना राखण करावी लागत होती. एक धोका बाहेर होता आणि एक आम्ही आत आणून ठेवला होता.

"किती शांत बसलाय बघा"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पाठवलेला तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. बावीस सेकंदांचा. ब्रूनो जमिनीवर हनुवटी टेकवून मेंढरांकडे पाहतो आहे आणि मागे बाईंचा आवाज, "किती शांत बसलाय बघा." तीन आठवड्यांपूर्वी मलाही ती शांतताच वाटली होती. माझी "मोकळं वाटतंय" आणि "मेंढ्या मला घाबरत नाहीत" ही दोन्ही वाक्यं त्या बावीस सेकंदांतून आली होती. आता मी ब्रूनोऐवजी मागच्या मेंढरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना वर, कान पुढे, एकही चरत नव्हती.

कुत्र्याच्या शिकारीची एक साखळी असते. हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी तोडली किंवा ताणली. बॉर्डर कोलीत पहिल्या कड्या फार बळकट झाल्या आणि शेवटच्या दाबल्या गेल्या. आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींचा मूळ पुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. तो न भुंकता नुसत्या नजरेच्या जोरावर मेंढरं हलवायचा म्हणूनच त्याची पैदास वाढवली गेली. म्हणजे ब्रूनो जे करत होता तो दोष नव्हता. त्याला जन्मतः मिळालेली ती देणगी होती. पण मेंढरासाठी ती नजर शिकाऱ्याचीच असते. तिकडच्या डोंगरांवर मेंढरं मैलोन्‌मैल विखुरलेली असतात आणि एकट्या मेंढपाळाला ती गोळा करायची असतात. तिथे शिट्टीच्या खुणा शिकवलेला कुत्रा ती नजर मोजूनमापून वापरतो. मामांच्या कळपात गोळा करायचं असं काही नाहीच. तिथे मेंढरू माणसाच्या आवाजामागे चालतं, रात्री माणसापासून वीस हातांवर बसतं. ब्रूनोसाठी त्या वाड्यावर कामच नव्हतं.

राखणीच्या कुत्र्यात हीच साखळी जवळजवळ झोपवलेली असते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजात युरोप आणि तुर्कस्तानातले राखणदार कुत्रे आणून त्यांचा अभ्यास केला. त्यांनी अशा कुत्र्याच्या तीन कसोट्या सांगितल्या : तो मेंढरांना इजा करत नाही, त्याचं लक्ष मेंढरांवर असतं, आणि परका आला की तो मध्ये पडतो. हे पिल्लूपणात घडतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लू ज्यांच्यात वाढतं त्यांना ते आपलं मानतं. वाघ्या कोकरांच्या बरोबर त्याच झोळीत वाढला, असं आजी सांगत होत्या. मध्ये पडणं म्हणजे आधी चावणं नव्हे. आधी आडवं उभं राहायचं, मग आवाज, मग अंगावर जाणं, आणि दात सगळ्यात शेवटी. वाघ्याने महिनाभर पहिल्या तीन पायऱ्यांवर निभावून नेलं होतं. बाई त्याला "तापट" म्हणत होत्या. मला तो त्या वाड्यावरचा सगळ्यात संयमी जीव वाटला आणि हे लिहिताना आजही तसंच वाटतं.

त्याच दुपारी मी एका पशुवैद्य मैत्रिणीला बोलावलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच, असं मला वाटतं. गाभडण्याचं कारण पळापळ, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तिने ते मानलं नाही. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिससारखा संसर्ग असू शकतो आणि तो माणसांनाही होतो, हे तिने आजींना आणि सुनेला समजावून सांगितलं. गाभडलेलं पिल्लू आणि त्यामागून पडणारी वार उघड्या हाताने उचलायची नाही, कुत्र्यांना खाऊ द्यायचं नाही, खोल पुरायचं. दोन्ही मेंढ्यांचं रक्त तपासायला नेलं. चार दिवसांनी कळलं, ब्रुसेलोसिस नव्हता. इतर संसर्ग त्या चाचणीत दिसत नाहीत, म्हणून पळापळीनेच गाभडल्या असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. ब्रूनोची जखम तिने धुतली, टाका लागला नाही. त्याचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं, वाड्यावरच्या तिन्ही कुत्र्यांचं नव्हतं. तिने तिथेच केलं. ब्रूनोचा डावा मागचा पाय मी तिला मुद्दाम तपासायला लावला. त्यात काहीही दुखणं नव्हतं.

वहीतला हिशेब

दुसऱ्या रात्री आजींच्या चुलीजवळ बसून मी माझी नऊ वाक्यं एकेक करून तपासली.

टोचणारे धसकट, मायाळू म्हातारी आणि फाटका कान ही तीन वाक्यं बरोबर होती. धसकट व्हिडिओत दिसतात. म्हाताऱ्या बाईंबद्दल मला मालकीणबाईंनीच सांगितलं होतं. सत्राच्या आधीच्या फोनमध्ये, सहज. राहिला कान. बाईंनी पाठवलेला एक फोटो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात, ब्रूनोच्या पाठीमागे, अर्धा कापला गेलेला वाघ्या उभा आहे आणि त्याच्या कानाची चीर दिसते. तो फोटो मी सत्राआधी पाहिला होता. कान पाहिल्याचं मला आठवत नव्हतं, पण डोळ्यांनी तो टिपला होता. मोकळेपणा, काम मिळणं, मेंढ्या आवडणं, दुःखी नसणं ही चार वाक्यं कोणालाच पडताळता येणार नाहीत. पायाचं दुखणं खोटं निघालं. आणि "मेंढ्या मला घाबरत नाहीत" हेही खोटं. हे एक वाक्य मी लिहून दिलं नसतं, तर बाईंनी कदाचित दोन आठवडे आधी मामांना विचारलं असतं, सगळं ठीक आहे ना? त्या दोन आठवड्यांत तीन कोकरं गेली.

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा होता. गणिताची उत्तरं तो खुराने ठोकून द्यायचा. १९०४मध्ये एका समितीने तपासलं आणि लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने प्रयोग केले आणि १९०७मध्ये उलगडा मांडला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. माणूस नकळत किंचित पुढे झुकायचा, योग्य आकडा आला की त्याचा ताण सुटायचा आणि घोडा तो सुटलेला ताण पाहून थांबायचा. हान्स खरोखर हुशार होता, पण गणितात नव्हे, माणूस वाचण्यात.

ही गोष्ट मला वर्गात शिकवली होती, प्राणी किती सूक्ष्म वाचतात याचं उदाहरण म्हणून. चुलीपाशी बसल्यावर ती मला उलटी दिसली. त्या सत्रात घोड्याच्या जागी मी होते. बाईंचा आवाज, त्यांचं अपराधीपण आणि त्यांना ऐकायला हवं असलेलं उत्तर हे सगळं मी वाचलं, आणि त्यांचा ताण सुटेपर्यंत वाक्यं ठोकत राहिले. ब्रूनो त्या खोलीत कुठेच नव्हता.

टेलिपथीच्या बाजूने काही तपासलेलं आहे का, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. रूपर्ट शेल्ड्रेक यांनी इंग्लंडमधल्या जेटी नावाच्या टेरियरवर काम केलं. मालकीण घरी निघाली की तो खिडकीशी जाऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी त्याच कुत्र्यावर नियंत्रित चाचण्या घेतल्या आणि १९९८च्या निबंधात लिहिलं, की मालकीण निघाल्याचं कुत्र्याला कळतं असं दिसलं नाही. शेल्ड्रेक यांना ते मान्य नाही आणि तो वाद चालू आहे. पण दूरवरून, नुसत्या फोटोवरून, प्राण्याच्या मनातलं माणसाला कळतं असं कुठल्याही काटेकोर चाचणीत सिद्ध झालेलं नाही. नऊ वर्षं हे वाक्य माझ्या पत्रकावर असायला हवं होतं. आता आहे.

आणि वाघ्याशी मी बोलले का? बोलले. दुसऱ्या रात्री कोकरं झोपल्यावर त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले. वहीत त्या तासाचं पान कोरं आहे. काही आलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही. तो अंधाराकडे तोंड करून बसला होता. एकदा त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि पुन्हा समोर. त्याला समजावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

पुढे काय केलं

सगळ्यात अवघड काम बाईंना सांगण्याचं होतं. मी फोनवर सांगितलं नाही, घरी गेले. माझी नऊ वाक्यं, त्यापुढचा हिशेब आणि रात्रीच्या पाच नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला तिथेही जागा नाही आणि इथेही नाही." या वाक्याला मी कसलंही गोड उत्तर दिलं नाही. त्या सत्राचे पैसे मी परत केले. चार कोकरांची भरपाई त्यांनी स्वतःहून मामांना दिली. मामांनी निम्मी घेतली, निम्मी परत केली.

ब्रूनोला शिट्टीवर शिकवता आलं असतं का, असं त्यांच्या यजमानांनी विचारलं. आलंही असतं; पण शिकवणारा हवा, वर्ष-दोन वर्षं हवीत आणि अशा कुत्र्याची सवय असलेली मेंढरं हवीत. गाभण मेंढ्या आणि महामार्गाच्या कडेचा मुक्काम ही त्याची जागा नाही. १६ जानेवारीला ब्रूनो ठाण्याला परत आला.

वाड्यावर फरक त्याच रात्री पडला नाही, हे नोंदवायला हवं. पुढच्या तीन-चार रात्री रस्त्यावरचं एखादं काळं-पांढरं भटकं कुत्रं लांबून गेलं तरी कळप दाटायचा. केंब्रिजजवळ कीथ केंड्रिक यांच्या गटाने २००१मध्ये दाखवलं होतं की मेंढ्या इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात. ज्यांची स्मरणशक्ती अशी, त्यांना महिनाभर रोखलेली एक नजर इतक्यात कशी विसरता येईल? आठवड्याने मामांचा फोन आला, मेंढरं बसायला लागली. त्या मुक्कामात पुन्हा वाघर पडली नाही.

ब्रूनोसाठी आम्ही त्याच्या नजरेलाच काम शोधलं. जर्मनीत सुरू झालेला एक खेळ आहे, ट्राइबॉल. त्यात मेंढरांऐवजी मोठे फुगीर चेंडू असतात, आणि कुत्रा मालकाच्या खुणेवर ते नाकाने ढकलत एका चौकटीत आणतो. सोसायटीच्या टेनिस कोर्टवर सकाळी सहा ते सात. सुरुवातीला यजमान नाखुशीने उठायचे, आता तेच बाईंना उठवतात. ज्या मुलांच्या टाचा तो धरायचा त्यांतली दोन चेंडू आणून द्यायला येतात. बागेत मात्र अजूनही तो पट्ट्यावरच असतो आणि पुढेही राहील.

माझ्या बाजूने तीन गोष्टी बदलल्या. काम करणाऱ्या प्राण्याबद्दल मी फोटोवरून काहीही सांगत नाही, त्याच्या कामाच्या जागी जाते. घरच्या प्राण्यांच्या बाबतीत आधी पशुवैद्याकडे जाऊन आल्याशिवाय बसत नाही. आणि जे मनात येतं ते लिहिलं तरी त्याच्या शेजारी लिहिते की हे मला आधीपासून कशावरून ठाऊक असू शकतं. शांत बसणं मी सोडलेलं नाही. प्राणी समोर असताना ते फार उपयोगी पडतं, कारण मी हलले नाही, बोलले नाही की तो माझ्याकडे लक्ष देणं सोडून त्याचं वागणं वागतो. मग ते डोळ्यांनी पाहता येतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाडा उठणार असं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. शेतकरी बांधावर उभा होता. पुढच्या वर्षी इथे भराव पडणार, गोदामवाल्याशी बोलणी झाली आहेत, म्हणाला. मामांनी नुसती मान हलवली.

आजी घोड्यावर सामान बांधत होत्या. वाघरीची घडी करता करता त्यांनी विचारलं, "त्या काळ्या-पांढऱ्याचं कसं हाय?"

मी मोबाइलवर ब्रूनोचा व्हिडिओ दाखवला. निळा चेंडू, त्यामागे वाकलेला ब्रूनो, यजमानांची शिट्टी. आजींनी तो शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा लावायला सांगितला.

"दमतो का?"

"दमतो."

"मग रातचं झोपत आसंल," त्या म्हणाल्या आणि दोरीची गाठ आवळली.

कोकरं झोळ्यांत बसली होती, त्यांच्या नुसत्या माना बाहेर. मामांनी जिभेचा तो आवाज काढला आणि कळप हलला. वाघ्या आधीच पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. पाठ मेंढरांकडे, तोंड कंटेनरांकडे.